जुन्या कास्ट आयर्न बुलेटवरून लांबचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे 'जुनी बुलेट' म्हणजे ३४६ सीसीची कास्ट आयर्न इंजिनची बुलेट. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट म्हणजे उघडमीट होऊन स्पार्क पाडणारी दोन तोंडं, कंडेन्सर त्यांना जळू देत नाही) आणि हेडलाइटच्या डब्यावर विजेचा प्रवाह दाखवणारा अँपमीटर. एन्फिल्ड इंडिया १९५५ साली मद्रासला उभी राहिली. त्यानंतर तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून हे इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत बनत राहिलं, आणि मूळ आराखडा फारसा बदलला नाही. आजोबांच्या गाडीचे बरेचसे पार्ट नातवाच्या गाडीला बसतात ते त्यामुळेच. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे आणि जिच्यावर बसून कोकण, गोवा, त्याही पुढे जायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. माझं ठाम मत आधीच सांगतो: या गाडीची चार कामं मालकाला स्वतःच्या हाताने यायलाच हवीत. पॉइंट, टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची फट), चेन आणि केबल. ही चार आली की गाडी कुठेही न्या.

कास्ट आयर्न, एव्हीएल आणि यूसीई यांत फरक काय?

कास्ट आयर्नमध्ये सिलिंडरचा ब्लॉक बिडाचा असतो. हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचंच. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे, मध्ये प्रायमरी चेन. एव्हीएल हे नंतरचं इंजिन. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, पेट्रोल कमी पिणारं, पण गिअरबॉक्स अजून वेगळाच. २००९ पासून आलेल्या यूसीईमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आले. सोय बघायची तर यूसीई बरी, यात वाद नाही. पण रस्त्याच्या कडेला, चार पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक डब्याशिवाय चालू करता येईल अशी गाडी हवी असेल तर कास्ट आयर्नच.

जुनी गाडी विकत घेताना काय बघू?

आधी कागद, मग गाडी. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, एजंटच्या मोबाइलमधल्या फोटोवर जाऊ नका. बुलेटचं इंजिन बदलणं इतकं सोपं आहे की पुष्कळ गाड्यांमध्ये ते बदललेलं असतं. कागदावर नोंद नसेल तर ती गाडी कितीही चकाचक असो, सोडून द्या.

मग गाडी थंड असताना बघायला जा. मालकाला फोनवरच सांगून ठेवा, 'दादा, मी येईपर्यंत चालू करू नका.' गरम गाडी पुष्कळ आजार लपवते. थंड गाडी तिसऱ्या-चौथ्या किकला लागली तर ठीक. सुरुवातीला निळा धूर आला आणि मिनिट-दोन मिनिटांत गेला तर घाबरू नका, ते उभ्या गाडीत खाली उतरलेलं तेल असतं. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर बोअर-पिस्टनचं काम आहे (म्हणजे सिलिंडर आतून कापून जरा मोठा पिस्टन घालणं) असं समजा आणि भाव त्या हिशेबाने करा. मिस्त्रीला एकच विचारा: पिस्टन कितवा आहे? इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात वीस, चाळीस, साठ असे ओव्हरसाइज येतात. साठ आधीच बसलेला असेल तर पुढचं काम म्हणजे नवीन स्लीव्ह किंवा नवीन ब्लॉक.

क्रोम, रंग, मोठा सायलेन्सर यांच्याकडे शेवटी बघा.

किक उलटी बसते. पाय सुजला. काय चुकतंय?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण निम्मे लोक याच एका कारणाने गाडी विकून टाकतात.

बुलेटला किक ताकदीने मारायची नसते, जागा बघून मारायची असते. पेट्रोलचा कॉक उघडा, गाडी थंड असेल तर चोक द्या, चावी फिरवा. आता अँपमीटरकडे बघा. किक पायाने हळूहळू खाली दाबत न्या. पॉइंट बंद असतात तेव्हा काटा वजा बाजूला झुकतो. पिस्टन कॉम्प्रेशनवर येत गेला की किक कडक लागते, आणि पॉइंट उघडताच काटा टचकन मध्यावर येतो. तीच जागा. तिथे थांबा. डाव्या हाताखालचा डीकॉम्पचा, म्हणजे सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन सोडणारा, छोटा लिव्हर ओढा, किक इंच-दीड इंच पुढे सरकवा, लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. मग अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, शरीराचं वजन टाकून, एकच लांब किक शेवटपर्यंत. अर्धवट सोडायची नाही. उलटी बसते ती बहुतेकदा घाबरून अर्ध्यावर सोडलेली किकच. गुडघा ताठ ठेवू नका आणि चपलेवर किक मारू नका, बूट घाला.

हे सगळं नीट करूनही गाडी उलटी मारत असेल तर दोष टायमिंगचा. पॉइंटच्या प्लेटखाली दोन छोटी वजनं असतात, ती वेग वाढला की टायमिंग पुढे नेतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या किंवा वजनं गंजून उघडीच अडकली, तर किक मारतानाच स्पार्क फार आधी पडतो. प्लेट काढून, साफ करून, तेलाचा एक थेंब देऊन ती बोटाने हलवून बघा. सोडल्यावर झटकन जागेवर यायला हवीत.

पॉइंट स्वतः सेट करता येतात का?

येतात, आणि यायला हवेत. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, मिळायला सोपं आणि स्वस्त आहे. पॉइंट पूर्ण उघडे असतील अशा जागी इंजिन फिरवून आणा आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. पॉइंटची तोंडं काळवंडली किंवा खड्डा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपर एकदाच हलकेच फिरवा, मग कोरड्या कागदाने पुसा. तेलकट बोट लावू नका. कॅमला घासणाऱ्या टाचेजवळ ग्रीसचा अगदी कण, जास्त झालं तर तेच उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, ठिणग्या निळ्या आणि मोठ्या दिसत असतील, तर कंडेन्सर गेला आहे. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, या तक्रारीतही आधी कंडेन्सर आणि मग कॉइल बदलून बघा. कार्बोरेटर खोलायची घाई करू नका. दोष इग्निशनचा आणि खोललं कार्बोरेटर, हे मी गॅरेजच्या दारात फार वेळा पाहिलं आहे.

टायमिंगची मूळ सेटिंग, म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून साधारण ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला लागणं, ही एकदा जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या आणि करताना शेजारी उभे राहा.

टॅपेट वाजतात. किती गॅप ठेवायचा?

थंड इंजिनवर गॅप शून्य. याचा अर्थ असा: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढा, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवा. रॉड सहज फिरायला हवा, पण वर-खाली जराही हलायला नको. बस, एवढंच. खाली अ‍ॅडजस्टर आणि त्याचा लॉकनट असतो, त्याला पातळ पाने लागतात. जाड पाना तिथे शिरत नाही, म्हणून पाने आधीच बघून घ्या. लॉकनट आवळताना सेटिंग हलते. आवळून झाल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघायचाच.

गरम इंजिनवर टॅपेट सेट करणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे थांबवा. ब्लॉक आणि हेड गरम होऊन वाढलेले असतात. तिथे शून्य केलेला गॅप थंड झाल्यावर आवळून बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. थोडे वाजणारे टॅपेट आवळलेल्यांपेक्षा केव्हाही बरे.

इंजिन ऑइल कुठलं, किती आणि कधी बदलायचं?

२०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. एकूण क्षमता सव्वादोन लिटरच्या आसपास. बदलताना थोडं आत राहतंच, त्यामुळे दोन लिटर टाकून तेल मोजायच्या कांडीवर बघत बाकीचं भरा. गाडी दोन-चार मिनिटं चालवून मगच लेव्हल बघा, कारण उभ्या गाडीत तेल कप्प्यातून क्रँककेसमध्ये उतरतं आणि कांडी खोटं सांगते. 'तेल कमी झालं' म्हणून वर ओतत राहणारे याच कारणाने फसतात. मग ते जास्तीचं तेल ब्रीदरवाटे बाहेर पडतं.

दर ३,००० किलोमीटरला बदला. कापडी फिल्टरही तेव्हाच बदला, ती फार स्वस्त वस्तू आहे. फिल्टरच्या खोलीत झाकण लावण्याआधी थोडं नवं तेल भरून घ्या, म्हणजे पहिल्या किकला पंप कोरडा राहत नाही. चालू केल्यावर हेडकडे जाणाऱ्या बारीक तेलाच्या नळीचा बॅंजो बोल्ट जरा सैल करा. तेल पाझरताना दिसलं पाहिजे. दिसलं की आवळा. दिसलं नाही तर गाडी लगेच बंद करा. पंपाकडून तेल येत नसताना चालवलेली बुलेट थोडक्या वेळात पिस्टन खाते.

प्रायमरी चेनच्या डब्यात ४०० मिलिलिटरच्या थोडं वर तेल बसतं आणि ते वेगळं असतं हे विसरू नका. गिअरबॉक्सला ९० नंबरचं तेल. काही मिस्त्री त्यात ग्रीस मिसळतात, जुन्या गिअरबॉक्सला ते चालतं आणि गळतीही कमी होते.

बुलेट आहे म्हणजे तेल गळणारच, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

मला हे पटत नाही. एखादा थेंब समजू शकतो. खाली थारोळं होत असेल तर त्याला कारण आहे आणि ते सापडतं.

सगळ्यात आधी ब्रीदर बघा. क्रँककेसमधली हवा बाहेर जाण्यासाठी एक छोटी रबरी नळी असते आणि तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं मिटलेलं तोंड. ही चोच हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. रबर कडक झालं, चिरलं किंवा चिकटून बसलं की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून वाट काढतं. लोक पॅकिंगवर पॅकिंग बदलत राहतात आणि दोष असतो या एवढ्याशा रबरात.

दुसरी जागा प्रायमरी कव्हर. अख्खं कव्हर मधल्या एका नटावर बसतं आणि कडेने रबरी सील असतं. सील फुगलं किंवा ताणलं असेल तर नट कितीही आवळला तरी गळती थांबणार नाही. उलट कव्हर वाकेल आणि मग नवीन सीलही बसणार नाही. सील बदला, दोन्ही कडा स्वच्छ पुसा, नट बेतानेच आवळा.

लांबच्या प्रवासात किती स्पीड धरावा?

६० ते ७० किलोमीटर. ८० ला ती जाते, पण तिथे तिला सतत ठेवू नका. ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं हे लांब दांड्याचं इंजिन आहे, ताकद सगळी खालच्या फेऱ्यांत. बिडाचा ब्लॉक उष्णता सावकाश सोडतो. तीन तास ऐंशीवर पळवली तर हात बधिर होतात, नट सैल होतात आणि पिस्टन घट्ट होऊ लागतो. साठ-पासष्टला मात्र ती अशी लागते की दिवसभर तसंच जात राहावं. एव्हरेजही तिथेच मिळतं, लिटरला तीस ते पस्तीस.

दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर पुष्कळ झाले. तास-सव्वा तासाने थांबा. चहा येईपर्यंत गाडीभोवती एक फेरी मारा: सायलेन्सरचे बोल्ट, मडगार्डचे स्टे, नंबर प्लेट, कॅरिअर, चेन. बुलेटच्या हादऱ्याने नट सुटतात हे गृहीत धरूनच चालायचं. स्प्रिंग वॉशर घाला आणि महत्त्वाच्या नटांवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, नट फिरला की रेघ तुटलेली लगेच दिसते.

आणि मुंबईहून निघणाऱ्यांसाठी: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे. खोपोलीवरून खंडाळ्याला चढणारा जुना रस्ता धरा. बुलेटला तोच मानवतो.

घाटात कशी चालवायची?

चढताना गिअर लवकर उतरवा. इंजिन धापा टाकू लागल्यावर उतरवलेला गिअर उशिराचा असतो. तिसऱ्यात ठोके जड वाटायला लागले की दुसरा टाका आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळू नका. जड ठोक्यावर रेटलेलं इंजिनच सगळ्यात जास्त तापतं.

उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल टाकून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची सवय काही जुन्या लोकांना आहे. ती जिवावर बेतते. ड्रम ब्रेक सतत धरून ठेवला तर तापतो आणि मग लागतच नाही. आंबोली, आंबा, कुंभार्ली, वरंध, गगनबावड्यावरून वैभववाडीकडे उतरणारा करूळ घाट, या सगळ्या घाटांत वळणाच्या आधी ब्रेक दाबून सोडायचा, वळणात इंजिनवर जायचं. चालत्या गाडीवर डीकॉम्प ओढू नका. पावसाळ्यात घाट बंद आहे का ते आदल्या रात्री विचारून घ्या; वरंध तर पावसात वरचेवर बंद असतो.

आधी नवी गाडी चालवायचो. उजव्या पायातल्या गिअरची सवय कशी करू?

पहिला वर, बाकीचे तीन खाली. ही रचना दोन दिवसांत पायाला समजते. अडचण घाबरल्यावर येते. समोर अचानक म्हैस आली की उजवा पाय आपोआप खाली जातो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. म्हणून रिकाम्या मैदानात मुद्दाम जोरात ब्रेक मारायचा सराव करा, डाव्या पायाने आणि उजव्या हाताने एकाच वेळी. पुढचा ब्रेक हाताखाली दोन्ही गाड्यांना सारखाच असतो, त्यावर भरवसा ठेवायला शिका. आणि एकाच ट्रिपमध्ये मित्राची नवी गाडी आणि स्वतःची बुलेट अशी अदलाबदल करू नका.

टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर हा या गाडीचा सुखाचा भाग आहे. सिग्नलला दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून थेट न्यूट्रल. पहिल्यातून मात्र तो चालत नाही.

ब्रेक लागतच नाहीत.

चांगले लागतात, सेट केलेले नसतात. पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सलचा नट जरा सैल करा, ब्रेकचा लिव्हर जोरात ओढून धरा आणि धरलेला असतानाच नट आवळा. लायनर ड्रमच्या मध्यावर बसतात आणि फरक पहिल्याच वळणावर कळतो. मागच्या ब्रेकचा हात आणि रॉड ब्रेक दाबल्यावर साधारण काटकोनात यायला हवेत. त्यापुढे गेले तर लायनर संपले. ड्रमला रेघा पडल्या असतील तर लेथवर टर्न करून घ्या.

पाण्यातून गेल्यावर पुढे शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका धरून चालवा, लायनर सुकतात.

चालता चालता इंजिन आवळल्यासारखं झालं तर?

क्लच. दुसरा कुठलाही विचार करायच्या आधी क्लच ओढा. पिकअप पडतो, अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी गाडी मागे ओढल्यासारखी वाटते, आवाज कोरडा होतो. ही सूचना एखाद-दोन सेकंदच मिळते. लांबच्या प्रवासात डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू द्या. गाडी कडेला घ्या, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. ब्लॉकवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. गार झाल्यावर तेल बघा, किक हाताने हळू दाबून इंजिन मोकळं फिरतं का ते बघा. फिरलं तर पन्नासच्या आत गावापर्यंत न्या.

नवीन बोअर केलेल्या गाडीला याचा धोका सगळ्यात जास्त. पहिले हजार किलोमीटर तिला पन्नासच्या वर नेऊ नका आणि त्या काळात लांबचा प्रवास ठरवू नका. गणपतीला कोकणात जायचं म्हणून श्रावणात बोअर करायचा आणि लगेच निघायचं, असं दरवर्षी कुणीतरी करतं. बोअरचं काम निदान दोन महिने आधी करा.

सोबत काय न्यायचं?

क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल तर हव्याच. त्या पिशवीत नेण्यापेक्षा जुन्या केबलच्या शेजारून आधीच ओवून, टोकं टेपने बांधून ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची, पावसात टाकी उतरवायची गरज नाही. पॉइंटचा जोड, कंडेन्सर, प्लग, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचा लॉक आणि एक कडी. लॉक बसवताना बंद बाजू चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला. उलटा बसवला तर रस्त्यात निघतो. स्टँडर्डला दोन्ही चाकं ३.२५ बाय १९ ची, त्यामुळे एकच ट्यूब दोन्हीकडे चालते. टायर लिव्हर, पंप, पाने, तार, इन्सुलेशन टेप, अर्धा लिटर ऑइल. पॉइंट आणि कंडेन्सर घरी एकदा लावून, गाडी चालवून, मग काढून ठेवा. डबीतला नवा कंडेन्सरही खराब निघतो आणि ते आडरानात कळून उपयोग नाही.

सामान जड असेल तर ते सीटच्या जवळ, खाली बांधा. कॅरिअरच्या मागच्या टोकाला वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगडगतं.

कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायची आहे. काही खास?

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी रस्ता या गाडीसाठीच असल्यासारखा आहे. वेग आपोआपच पन्नासच्या आत राहतो. मध्ये खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: आगरदांडा-दिघी, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. स्थानिक लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. बोटीत गाडी मेन स्टँडवर लावून वर कठड्याला गप्पा मारायला जाऊ नका. साइड स्टँड, पहिला गिअर, आणि तुम्ही गाडीला हात लावून शेजारी. ओल्या लोखंडी उतारावर चढवताना-उतरवताना पुढचा ब्रेक दाबू नका.

खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसांत स्पोक, चेन आणि केबलची टोकं गंजायला लागतात. मुक्कामाला बादलीभर गोड्या पाण्याने गाडी धुवा, पुसा, चेनला ९० चं तेल लावा. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेऊन फोटो काढायचा मोह टाळा. हबमध्ये आणि ड्रममध्ये शिरलेली खारी वाळू महिनाभर त्रास देते.

ई-२० पेट्रोलने जुन्या गाडीला काय होतं?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता जवळपास सगळीकडे आहे. चालू गाडीला त्याने मोठी अडचण येत नाही, एव्हरेज थोडं पडतं. त्रास होतो तो जुन्या रबराला आणि उभ्या गाडीला. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरच्या फ्लोटखालच्या निडलचं रबरी टोक हे नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज धरतो. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालायची गरज नाही, या इंजिनाचं कॉम्प्रेशनच कमी आहे.

लडाखला जाईल का?

जाईल, वर्षानुवर्षं जात आली आहे. महाराष्ट्रातून चालवत नेण्यात आठवडा घालवण्यापेक्षा रेल्वेने दिल्ली, चंदीगड किंवा जम्मूपर्यंत पाठवा. आरसीची प्रत, ओळखपत्र, नीट बांधलेली गाडी आणि पूर्ण रिकामी टाकी लागते. पेट्रोल आदल्या दिवशी काढा, स्टेशनवर बाटल्या घेऊन धावपळ करू नका.

वर गेल्यावर हवा विरळ होते. पाच हजार मीटरच्या पुढे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच देतो, त्यामुळे मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो, पिकअप मरतो. कार्बोरेटरमधल्या निडलची क्लिप एक खाच वर सरकवा म्हणजे निडल खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. चोक अजिबात वापरू नका, एअर फिल्टर साफ ठेवा. परत खाली आलात की पहिल्या मुक्कामाला क्लिप जागेवर आणायची. हे विसरून मैदानात पातळ मिश्रणावर पळवली तर पिस्टन जातो.

कागदपत्रांचं काय?

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, नंतर दर पाच वर्षांनी. त्यासोबत पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी चालू हवेत. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमानुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. पण मग ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रवास करायचा असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

फटाके फोडणारा सायलेन्सर लावू नका. दंडाची गोष्ट सोडा, मूळ सायलेन्सरवर कार्बोरेटरची सगळी सेटिंग बसलेली असते. शिवाय ज्या गावातून आपण जातो तिथे म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं झोपलेली असतात.

चांगला मिस्त्री आणि पार्ट कुठे मिळतील?

पार्टांसाठी पुण्यात नाना पेठ, दिल्लीला गेलात तर करोल बाग. बोअर आणि लेथच्या कामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या जागी अजून हात चालणारे कारागीर आहेत. मिस्त्री ओळखायची माझी खूण साधी: गाडी आल्यावर तो आधी पाना उचलतो की आधी कान देतो? जो मामा गाडी चालू करायला लावून, मान तिरकी करून दोन मिनिटं नुसता ऐकतो, त्याच्याकडे गाडी ठेवा. 'सगळं खोलावं लागेल' असं पहिल्याच वाक्यात म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. स्वस्तातले पॉइंट, कंडेन्सर आणि केबल घेऊ नका. बाकी ठिकाणी काटकसर चालेल.

पावसाळाभर गाडी उभी राहणार आहे. काय करू?

महिनाभराचा प्रश्न असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरचा वाडगा रिकामा करा आणि टाकी गळ्यापर्यंत भरा. त्याहून जास्त असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, आत वाटीभर इंजिन ऑइल घालून सगळीकडे फिरवा आणि काढून टाका. बॅटरी घरात घ्या. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घाला, किक दोनदा हळू फिरवा, प्लग लावा. पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून ठेवलात तर दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि ओल आत जात नाही. गाडी मेन स्टँडवर ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली घाम धरतो. सुती चादर बरी.

आठवड्यातून एकदा 'चालू करून ठेवतो' म्हणत दोन मिनिटं चालवून बंद करणं वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून कुजतो. चालवायची तर उघडीप बघून दहा-पंधरा किलोमीटर चालवा, नाहीतर तशीच राहू द्या.

दसऱ्याला बाहेर काढताना आधी क्रँककेसचा खालचा नट काढून तिथे साठलेलं तेल एका भांड्यात घ्या. स्वच्छ असेल तर तेच वरून परत ओता. मग चावी बंद ठेवून, डीकॉम्प ओढून आठ-दहा किक फिरवा, म्हणजे तेल वरपर्यंत पोचतं. पॉइंटच्या मधून एक कोरडा कागद ओढून घ्या. त्यानंतर चावी फिरवा आणि काटा बघून किक मारा.